विश्लेषण : प्रोस्टेट कॅन्सर शोधणारे सॉफ्टवेअर आणि डॉ. खानोलकर यांचा संबंध काय?

प्रोस्टेटच्या बायोप्सीत कॅन्सर आढळला, की रिपोर्टमध्ये 'ग्लीसन स्कोअर' असतो. ६ म्हणजे कमी आक्रमक, १० म्हणजे सर्वाधिक. ऑपरेशन करायचे की नुसते लक्ष ठेवायचे, हे बऱ्याच अंशी या आकड्यावर ठरते. तो देतो पॅथॉलॉजिस्ट, काचेवरचा तुकडा मायक्रोस्कोपखाली पाहून. आता हीच काच स्कॅन करून संशयास्पद जागा दाखवणारी सॉफ्टवेअर आली आहेत. आपल्याकडे काच वाचण्याची ही विद्या रुजवणाऱ्यांत पहिले नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे.

कोण होते डॉ. खानोलकर?

जन्म १८९५ चा, क्वेट्टा येथील. लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये पॅथॉलॉजीत एमडी. मुंबईत ग्रँट मेडिकल आणि जी. एस. मेडिकल कॉलेजात त्यांनी शिकवले. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल सुरू झाल्यावर तिथल्या प्रयोगशाळा त्यांनी उभ्या केल्या. १९५२ मध्ये ते भारतीय कॅन्सर संशोधन केंद्राचे संस्थापक संचालक झाले. पुढे पद्मभूषण, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूपद. १९७८ मध्ये निधन.

त्यांचे महत्त्वाचे काम कोणते?

पदांपेक्षा १९४५ चा शोधनिबंध मोठा वाटतो. डॉ. सूर्याबाई यांच्यासोबत त्यांनी सवयींशी जोडलेले कॅन्सर मांडले. कमरेला धोतर घट्ट बांधल्याने त्वचेचा, पेटते टोक तोंडात ठेवून चुट्टा ओढल्याने टाळूचा, खैनीमुळे खालच्या ओठाच्या आतला. लंडनच्या पुस्तकांत हे नव्हते. ते दिसले इथल्या रुग्णांच्या काचा पाहिल्यावर.

मग सॉफ्टवेअरचे काय?

अमेरिकेच्या एफडीएने सप्टेंबर २०२१ मध्ये 'पेज प्रोस्टेट' या सॉफ्टवेअरला परवानगी दिली. १६ पॅथॉलॉजिस्टनी ५२७ काचांच्या प्रतिमा आधी एकट्याने, मग त्याच्या मदतीने तपासल्या. मदतीने कॅन्सर ओळखण्याचे प्रमाण सरासरी ७.३ टक्क्यांनी वाढले. तरी ते निदान करत नाही, फक्त 'इथे पुन्हा बघा' म्हणते.

इंजिनिअरच्या भाषेत, जसा डेटा तसे उत्तर. सॉफ्टवेअर शिकते ते तज्ज्ञांनी आधी वाचलेल्या काचांवरूनच. गुलाबी-जांभळ्या रंगाची छटा लॅबगणिक बदलते, स्कॅनरही वेगळा असतो. त्यामुळे परदेशी काचांवर शिकलेले सॉफ्टवेअर इथे वापरण्याआधी इथल्याच काचांवर तपासावे लागते. खानोलकरांनी पुस्तकांच्या बाबतीत हेच केले होते.

नाशिकच्या रुग्णाने काय करावे?

नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाखालच्या कॉलेजांतून पॅथॉलॉजिस्ट घडत आहेत, आणि रिपोर्टवर सही त्यांचीच लागते. स्कोअरबद्दल शंका असेल तर दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचे मत घ्या. त्यासाठी लॅबकडून काचा आणि मेणाचे ब्लॉक मागता येतात.