निंदेला यशवंतरावांचे उत्तर

सोलापूरहून अक्कलकोटच्या वाटेवर कुंभारी लागते. मराठीबरोबर कानडी आणि तेलुगूही कानी पडणाऱ्या या टापूत राज्याची सीमा हा कधीच कोरडा कारभारी विषय नव्हता. निवडणुकीतील चिखलफेक पाहताना, सीमांच्याच वादात निंदेचे धनी झालेले एक उमेदवार आम्हांस येथे आठवतात. ते म्हणजे १९८४ साली निवर्तलेले यशवंतराव चव्हाण.

देवराष्ट्रे येथे १९१३ साली त्यांचा जन्म झाला. वडील लवकर गेले. आई विठाईने कष्टाने वाढविले. १९३२ चा तुरुंगवास, वकिली, १९४२ चे भूमिगत कार्य, १९४६ पासून विधिमंडळ, हा प्रवास सर्वपरिचित आहे. कसोटी लागली ती डिसेंबर १९५५ मध्ये. संयुक्त महाराष्ट्र की नेहरू असा प्रश्न आल्यास आपण नेहरूंच्या बाजूस राहू, अशी भूमिका त्यांनी फलटणला घेतली. पुढल्याच वर्षी ते द्विभाषिकाचे मुख्यमंत्री झाले. मग काय विचारता! सभांतून आणि पत्रांतून त्यांना सूर्याजी पिसाळ ठरविण्यात आले. या कामी आमचा व्यवसायही मागे नव्हता, हे कबूल केले पाहिजे. १९५७ साली समितीच्या लाटेत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची वाताहत झाली. कराडला यशवंतराव थोडक्या मतांनी तरले.

शिवी अन्यायाची होती. आक्षेप मात्र निराधार नव्हता. फलटणचे शब्द त्यांचेच होते. हा भेद त्यांनी ओळखला, यातच त्यांचे मोठेपण आम्हांस दिसते. शिवीची परतफेड त्यांनी शिवीने केली नाही, आणि आक्षेपाचे उत्तर तर भाषणाने देता येण्याजोगे नव्हतेच. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी शिवछत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी नेहरू प्रतापगडावर आले, तेव्हा समितीने काळी निशाणे उभारली. मुख्यमंत्र्यांनी निदर्शने चिरडली नाहीत. ती शांततेने पार पडली. पुढे द्विभाषिक लोकांना मान्य नाही, हे त्याच नेहरूंच्या गळी त्यांनी हळूहळू उतरविले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. अर्थात, समितीला पडलेल्या मतांचे बळ नसते, तर दिल्लीने त्यांचे ऐकले असते काय, याची आम्हांस शंकाच आहे. निंदकांनीच त्यांच्या हाती युक्तिवाद दिला होता!

१९६२ च्या चिनी आक्रमणात ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. लोकसभेसाठी १९६३ साली नाशिकहून त्यांनी अर्ज भरला, तेव्हा ते बिनविरोध निवडून आले.