पेंग्विनच्या अंड्यांसाठीं : डॉक्टर एडवर्ड विल्सन

कॅप्टन स्कॉट यांचें नांव ऐकलें नाहीं असा विद्यार्थी विरळाच असेल. परंतु दक्षिण ध्रुवाहून परततांना ज्या तंबूंत स्कॉट यांनीं देह ठेविला, त्याच तंबूंत त्यांच्या शेजारीं चिरनिद्रा घेणारे डॉक्टर एडवर्ड एड्रियन विल्सन यांच्याविषयीं आपणांस फारच थोडें ठाऊक असतें. ध्रुवावर निशाण रोवण्याची महत्त्वाकांक्षा मुख्यतः स्कॉट यांची होती. विल्सन यांस त्या निर्जन प्रदेशाकडे ओढून नेणारे होते ते तेथील पक्षी, आणि त्यांतही विशेषेंकरून पेंग्विन.

त्यांचा जन्म २३ जुलै १८७२ रोजीं इंग्लंडांतील चेल्टनहॅम या गांवीं झाला. वडील डॉक्टर होते. रानांत भटकावें, पांखरांचीं घरटीं न्याहाळावीं आणि पाहिलेलें कागदावर चितारावें, हा एडवर्ड यांचा बाळपणापासूनचा छंद. केंब्रिज येथें सृष्टिशास्त्राची परीक्षा पहिल्या वर्गांत उत्तीर्ण होऊन ते लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयांत वैद्यक शिकूं लागले. याच काळांत बॅटरसी येथील दरिद्री वस्तींत एका मिशनतर्फे ते सेवा करीत. १८९८ सालीं त्यांस क्षयानें गांठलें. नॉर्वे व स्वित्झर्लंड येथें राहून ते बरे झाले खरे, पण फुप्फुसावरचे व्रण राहिलेच. अशा माणसानें पृथ्वीवरील सर्वांत थंड प्रदेशांत जावें हें ऐकून कोणीही डॉक्टर कपाळास हात लावील. मोहिमेच्या वैद्यकीय मंडळासही तें पसंत नव्हतें. परंतु स्कॉट यांनीं आग्रह धरून त्यांस घेतलेंच. १९०१ च्या जुलैंत ओरियाना सूपर यांच्याशीं विल्सन यांचा विवाह झाला, आणि अवघ्या तीन आठवड्यांनीं ते डिस्कव्हरी जहाजावर चढले.

त्या पहिल्या मोहिमेंत, १९०२ सालीं, क्रोझिअर भूशिराच्या पायथ्याशीं गोठलेल्या समुद्रावर एम्परर पेंग्विनांची वसाहत आढळली. या पक्ष्याचें प्रजननस्थान मनुष्यानें प्रथमच पाहिलें होतें. पुढच्या वर्षीं विल्सन स्वतः तेथें गेले, तों वसंताच्या आरंभींच अंड्यांतून पिलें बाहेर आलेलीं! त्यांच्या वयावरून मागें हिशेब करतां विल्सन यांस दिसून आलें कीं, हा पक्षी ऐन हिंवाळ्यांत, जेव्हां सूर्य महिनोन् महिने उगवत नाहीं तेव्हां, अंडें घालतो. घरटें नाहीं, गवताची काडी नाहीं. पायांवर अंडें ठेवावयाचें, पोटाच्या कातड्याची घडी त्यावर ओढावयाची आणि शेंकडोंच्या घोळक्यांत दाटीवाटीनें उभें राहावयाचें. हें काम नर करतो, आणि दोन महिन्यांहून अधिक काळ, पोटांत अन्नाचा कण नसतांना करतो.

हा पक्षी येथें जगतो तरी कसा, आणि आला तरी कोठून? विल्सन यांच्या मनांत या प्रश्नानें ठाण मांडलें. त्या काळीं अनेक शास्त्रज्ञांचें मत असें होतें कीं, प्राणी गर्भावस्थेंत आपल्या पूर्वजांच्या पायऱ्या एकेक करून पुन्हां चढतो. पेंग्विन हा पक्षिजातींतील अत्यंत प्राचीन, आणि एम्परर हा पेंग्विनांतील प्राचीन, अशी विल्सन यांची समजूत होती. मग त्याच्या कोंवळ्या भ्रूणांत सरपटणाऱ्या पूर्वजांच्या दांतांची खूण सांपडेल, खवल्यापासून पीस कसें झालें हें उमगेल, अशी त्यांस आशा वाटली. मात्र त्यासाठीं अंडीं नुकतीं घातलेलीं हवींत, म्हणजेच तेथें हिंवाळ्यांतच गेलें पाहिजे.

ती संधि स्कॉट यांच्या दुसऱ्या मोहिमेंत आली. विल्सन त्या मोहिमेचे शास्त्रप्रमुख होते. सोबती त्यांस प्रेमानें अंकल बिल म्हणत, आणि भांडणतंटा झाला तर त्यांच्याकडेच येत. २७ जून १९११ रोजीं ते तळावरून निघाले. बरोबर रॉयल इंडियन मरीनच्या नोकरींतून आलेले लेफ्टनंट हेन्री बॉवर्स आणि २५ वर्षांचे ॲप्स्ली चेरी-गॅरर्ड. चेरी-गॅरर्ड यांची दृष्टि इतकी अधू कीं चष्म्यावांचून चालणें कठीण, आणि त्या थंडींत चष्मा लावणें अशक्य. वाट सुमारें ६७ मैलांची. दोन घसरगाड्या एकदम ओढवेनात, म्हणून एक पुढें नेऊन ठेवावी, मागें यावें आणि दुसरी आणावी. एक मैल पुढें सरकण्यास तीन मैल चालणें पडे. वाट पाहावयाची ती चंद्रप्रकाशांत किंवा मेणबत्तीच्या उजेडांत. एके दिवशीं उष्णतामान फॅरनहाइटच्या शून्याखालीं ७७ अंशांवर उतरलें. पारा तर याच्या कितीतरी आधींच गोठून घट्ट होतो. घामाचें बर्फ होऊन कपडे चिलखतासारखे ताठ झाले. झोंपण्याच्या पिशव्यांत शिरण्यासाठीं त्या आधीं अंगाच्या उष्णतेनें वितळवाव्या लागत.

एकोणीस दिवसांनीं ते क्रोझिअरला पोंचले. दगडांची खोली रचून तिच्यावर कॅनव्हासचें छप्पर घातलें, आणि बर्फाच्या कड्यांतून वाट काढीत ते वसाहतीपर्यंत उतरले. पांच अंडीं हातीं आलीं. चढतांना दोन फुटलीं, राहिलीं तीन. त्यानंतर वादळ उठलें. तंबू उडून गेला. २३ जुलै रोजीं, विल्सन यांच्या एकोणचाळिसाव्या वाढदिवशीं, छपराच्याही चिंधड्या झाल्या, आणि ते तिघे पिशव्यांत पडून अंगावर बर्फ झेलीत राहिले. तंबूवांचून परतणें म्हणजे मरण, हें तिघांसही कळत होतें. वारा शमल्यावर बॉवर्स यांस तो तंबू उताराच्या तळाशीं जवळजवळ धड स्थितींत सांपडला. याला दैव म्हणावें कीं ईश्वरी कृपा, तें ज्यानें त्यानें ठरवावें. विल्सन यांस मात्र त्याविषयीं संशय नव्हता. १ ऑगस्ट रोजीं तिघे तीन अंड्यांसह तळावर परतले.

पुढील कथा सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. १७ जानेवारी १९१२ रोजीं स्कॉट, विल्सन, बॉवर्स, ओट्स व एडगर इव्हान्स हे ध्रुवावर पोंचले, तों नॉर्वेचे अमुंडसेन तेथें महिनाभर आधीं येऊन गेलेले. परततांना पांचही जण मृत्युमुखीं पडले. परंतु एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. शक्ति ओसरत चालली असतांही विल्सन यांनीं बीअर्डमोर हिमनदीच्या कांठीं थांबून दगड गोळा केले, आणि ते सुमारें ३५ पौंड ओझें त्या मंडळींनीं शेवटपर्यंत टाकलें नाहीं. त्या दगडांत ग्लॉसॉप्टेरिस या प्राचीन वनस्पतीच्या पानांचे ठसे निघाले. आपल्या नागपूरजवळील कामठीच्या खडकांतही याच वनस्पतीचे ठसे मिळतात. म्हणजे आज बर्फाखालीं गाडलेली ती भूमि एके काळीं हिरवीगार होती, व हिंदुस्थानच्या भूमीशीं एकाच खंडांत सांधलेली होती.

इकडे अंड्यांचें काय झालें? १९१३ सालीं चेरी-गॅरर्ड यांनीं तीं लंडनच्या म्यूझियमच्या स्वाधीन केलीं. तेथें त्यांचें स्वागत थंडच झालें. क्रोझिअरच्या वाऱ्याहून तो थंडपणा त्यांस अधिक बोंचला. भ्रूण एका शास्त्रज्ञाकडून दुसऱ्याकडे गेले. शेवटचा अहवाल १९३४ सालीं निघाला, आणि त्यांत म्हटलें होतें कीं या भ्रूणांनीं ज्ञानांत फारशी भर घातली नाहीं. गर्भांत पूर्वजांचा इतिहास जसाच्या तसा उमटतो, हा सिद्धांतच तोंपर्यंत मोडींत निघाला होता. पेंग्विन हा पक्ष्यांचा आद्य पूर्वज नव्हे, तो उडणाऱ्या पक्ष्यांचाच वंशज असून अल्बट्रॉस वगैरे सागरी पांखरें त्याचे जवळचे आप्त होत, हेंही निश्चित झालें आहे.

तर मग विल्सन यांचा प्रश्न व्यर्थ होता काय? माझ्या मतें नाहीं. उत्तर त्याच पेशींत होतें. तें वाचण्याची लिपि मात्र तेव्हां कोणास अवगत नव्हती. २०१४ सालीं शास्त्रज्ञांनीं एम्परर व ॲडेली या दोन पेंग्विनांच्या जनुकांचा संपूर्ण संच वाचून प्रसिद्ध केला. पक्ष्याचें पीस आणि सरड्याचा खवला हीं दोन्ही बीटा-केराटिन नांवाच्या प्रथिनाचीं बनतात. हें प्रथिन घडविणाऱ्या जनुकांच्या कांहीं प्रती पेंग्विनांत वाढलेल्या आढळल्या. आंखूड, ताठ, कौलांसारखीं एकावर एक बसणारीं आणि पाणी आंत न शिरूं देणारीं त्यांचीं पिसें यांशीं याचा संबंध असावा असें शास्त्रज्ञ मानतात. खवला आणि पीस यांचें नातें विल्सन शोधीत होते, तें या रीतीनें पुन्हां समोर आलें. कातडी जाड होण्याशीं संबंध असलेलें एक जनुक बदललेलें दिसलें. त्यांत दोष असेल तर मनुष्याच्या तळहातांची व तळपायांची कातडी राठ होते. दुसऱ्या एका जनुकाच्या दोषानें मनुष्याचे हातपाय आंखूड राहतात. तेंही येथें बदललेलें असून पंखाचें वल्हें होण्यांत त्याचा वांटा असावा. चरबी सांठविण्याच्या व वापरण्याच्या जनुकांतील बदल तर दोन्ही जातींत वेगवेगळे निघाले. एकाच थंडीशीं दोघांनीं आपापल्या रीतीनें जुळवून घेतलें.

हा फेरफार थंडी पाहून कोणा पक्ष्यानें ठरवून केला असें मात्र समजूं नये. न्यूझीलंडांत मिळालेल्या जीवाश्मांवरून पेंग्विनांचे पूर्वज सुमारें ६ कोटि वर्षांपूर्वींच उडणें सोडून पोहूं लागले होते असें दिसतें, आणि दक्षिण खंडावर बर्फाचे मोठे थर जमूं लागले ते सुमारें साडेतीन कोटि वर्षांपूर्वीं. पाण्यांत पोहण्यासाठीं मिळालेलें शरीर थंडीच्या कामीं आलें. पुढें ज्यांच्यांत उपकारक असे लहानसहान भेद जन्मतः होते तेच तगले, आणि तेच भेद पिढ्यान् पिढ्या पुढें गेले.

विल्सन, स्कॉट व बॉवर्स यांचे देह १२ नोव्हेंबर १९१२ रोजीं शोधपथकास सांपडले. पथकानें तंबू त्यांच्यावरच उतरविला आणि वर बर्फाची रास रचली. तीं तीन अंडीं लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्यूझियमच्या संग्रहांत आहेत. भ्रूण काढण्यासाठीं कवचांना पाडलेलीं भोंकें त्यांवर अजून दिसतात.