अहिल्याबाई होळकर व खासगीचा पैसा

हिंगोली जिल्ह्यातील आमच्या वाचकांपैकी औंढा न पाहिलेला मनुष्य विरळा. तेथील नागनाथाच्या देवळाकडे लक्षपूर्वक पाहिले असता ते दोन काळांचे काम आहे असे दिसून येते. खालचा भाग यादवांच्या काळचा, दगडाचा व दाट कोरीवकामाचा. वरचा भाग पुष्कळ अलीकडचा व साधा. मध्यंतरी मोडतोड झालेल्या या देवळाचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकर यांनी केला. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, औंढा त्या वेळी होळकरांच्या राज्यात नव्हते, निजामाच्या मुलखात होते. येथे पैसा खर्चून अहिल्याबाईंस महसुलाची एक कवडीही मिळणार नव्हती. मग हा पैसा आला कोठून व तो कोणाचा होता? हे सांगण्यासाठी या थोर स्त्रीचे चरित्र आम्ही येथे देत आहो. त्यांचा धर्म आमचा नव्हे. तथापि ज्या मंडळीत दर रविवारी दानाची थैली फिरते, त्या मंडळीने ते अवश्य वाचावे.

अहिल्याबाईंचा जन्म 1725 साली अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील चोंडी गावी झाला. बाप माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. 1733 साली मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. 1754 साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. अहिल्याबाई सती जाण्यास निघाल्या असता वृद्ध सासऱ्याने काकुळतीस येऊन त्यांस मागे फिरविले, व पुढे राज्याचा पुष्कळसा कारभार त्यांच्यावर सोपविला. 1766 साली मल्हारराव वारले, आणि दुसऱ्याच वर्षी एकुलता एक पुत्र मालेराव गेला. विधवा बाईच्या हातची दौलत आपल्या हाती घ्यावी म्हणून दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी खटपट केली व राघोबादादांस आणविले. परंतु बाई डगमगल्या नाहीत, आणि थोरले माधवराव पेशवे यांनी त्यांचाच पक्ष उचलून धरला. सैन्य तुकोजी होळकरांकडे गेले. कारभार अहिल्याबाईंनी महेश्वरास राहून चालविला.

आता पैशाची गोष्ट. होळकरांच्या घरी दोन तिजोऱ्या होत्या असे म्हटले तरी चालेल. एक दौलतीची, म्हणजे राज्याची. तिच्यातून फौजेचा खर्च चाले. दुसरी खासगीची. 1734 साली मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे काही महाल वेगळे तोडून मिळाले होते, त्यांचे उत्पन्न खासगीत जमा होई, आणि गौतमाबाईंच्या मागे ते अहिल्याबाईंकडे आले. या खासगीवर त्यांनी तुळशीपत्र ठेवले, म्हणजे ती धर्मकार्यास वाहून टाकली, असे लोक सांगत आले आहेत. काशीविश्वनाथाचे देऊळ, सोमनाथ, गयेचे विष्णुपद, वेरूळचे घृष्णेश्वर आणि ठिकठिकाणचे घाट, विहिरी व धर्मशाळा ही सर्व त्यांच्या दानधर्माची कामे होत. तुकोजी मोहिमेवरून पैशाची मागणी सारखी करीत. बाई हिशेब मागत. या कारणाने दोघांत कित्येक वर्षे तेढ राहिली. आमच्या मते हा हिशेबीपणाच त्यांच्या औदार्याचे मूळ होय. आपले किती व दुसऱ्याचे किती हे ज्याला ठाऊक नाही, त्याला दान करता येत नाही. तो केवळ खर्च करतो.

सर जॉन माल्कम या इंग्रज सरदाराने बाईंच्या मागे पाव शतकाने माळव्यात चौकशी करून जे लिहून ठेवले, त्यात आम्हांस देवळांहूनही अधिक मोलाच्या गोष्टी आढळतात. उन्हाळ्यात वाटसरूंस पाणी पाजण्यासाठी माणसे नेमलेली असत, थंडीत गोरगरिबांस कपडे मिळत. महेश्वराच्या आसपास नांगरास जुंपलेले बैल भर दुपारी थांबवून बाईंचे नोकर त्यांस पाणी पाजीत. शेतकरी पाखरांस हाकून लावतात, ती उपाशी राहू नयेत म्हणून उभी शेते विकत घेऊन त्यांच्यासाठी राखली जात. कोणास हे हसण्यासारखे वाटेल. आमच्या शेतकरी वाचकांस तसे वाटणार नाही.

आणखी एक हकिकत आहे. खरगोण येथील दोन सावकार भाऊ निपुत्रिक वारले. त्यांच्यापैकी एकाच्या विधवेने सारी संपत्ती अहिल्याबाईंस देऊ केली. निर्वंशाची मालमत्ता सरकारात ओढून घेण्याची चाल त्या काळी राजेलोकांत सर्रास असता, बाईंनी ती नाकारली व तिचा विनियोग तिनेच लोकोपयोगासाठी करावा असे सुचविले. त्यातून कुंदा नदीस घाट व गावात गणपतीचे देऊळ झाले. वर्गणीचे पुस्तक घेऊन दारोदार फिरणाऱ्या आम्हां पाळकांस ही हकिकत वाचून काही काळ गप्प बसावे लागते. चालून आलेली देणगी परत करण्याची वेळ आमच्यावर आली, तर आम्ही काय करू?

एवढा पैसा फौजेवर खर्चिला असता तर बरे झाले नसते काय, असाही प्रश्न माल्कमने विचारला होता. त्यावर एका ब्राह्मणाने उलट विचारले की, दुप्पट पैसा फौजेवर ओतूनही तीस वर्षे मुलूख इतका शांत राहिला असता काय? माल्कमने हे उत्तर खोडून काढले नाही.

सुख मात्र बाईंच्या वाट्यास फार थोडे आले. मुलगी मुक्ताबाई हिचा पुत्र गेला. 1791 साली जावई यशवंतराव फणसे वारले, आणि आईने पदर पसरून विनविले तरी मुक्ताबाई सती गेली. ज्या चितेपासून सासऱ्याने आपणांस परत आणले होते, तिच्यापासून आपल्या मुलीस त्यांस परत आणता आले नाही. 13 ऑगस्ट 1795 रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, महेश्वरास त्यांचा अंत झाला.

खासगीचा कारभार त्यांच्यामागेही चालू राहिला. 1948 साली इंदूर संस्थान विलीन झाले. 1962 साली या धर्मकार्याच्या मिळकतींसाठी विश्वस्त मंडळ नेमण्यात आले. पुढे त्यातील काही मिळकतींच्या विक्रीवरून तंटा न्यायालयात गेला, आणि 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने त्या न्यासाची सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी करण्यास सांगितले.