बेसी कोलमनची परीक्षा

या वर्षीच्या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने सगळ्यांना एकच विषय दिला आहे : ज्यांना आपण कधी भेटलो नाही, तरी ज्यांच्याकडून काही शिकलो, अशी एक व्यक्ती. मी बेसी कोलमनची निवड केली. ती १९२६ साली गेली. तिचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते शाळा सोडून बरीच वर्षं झाल्यावर, फ्लाइंग क्लबमध्ये विमान चालवायला शिकत असताना. आपल्या तुकडीला मात्र तिचं लहानपण ओळखीचं वाटेल, कारण त्यात कापूस आहे.

बेसीचा जन्म २६ जानेवारी १८९२ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात झाला. ती वॅक्साहाची या गावात वाढली. कुटुंब कृष्णवर्णीय, वडिलांच्या घराण्यात तिथल्या मूळ रहिवाशांचं, चेरोकी लोकांचं रक्तही होतं. १९०१ मध्ये वडील घर सोडून ओक्लाहोमाला निघून गेले आणि आईने लोकांच्या घरची कामं करून मुलांना वाढवलं. शाळा एका खोलीची आणि घरापासून चार मैल. बेसी गणितात हुशार होती. पण कापूस फुटला की काळ्या मुलांची शाळा बंद व्हायची आणि सगळी मुलं वेचणीला जायची.

आपली शाळा वेचणीसाठी बंद होत नसे, एवढाच फरक. दिवाळीनंतर मागचे बाक रिकामे व्हायचे आणि हजेरी घेताना काही नावांना उत्तर यायचं नाही. त्यातली दोन-तीन मुलं माझ्यापेक्षा गणितात चांगली होती, हे आपल्या गणिताच्या सरांनाही आठवत असेल.

साठवलेल्या पैशांवर बेसी १९१० मध्ये ओक्लाहोमातल्या लँग्स्टन इथल्या कॉलेजात गेली. एका सत्रात पैसे संपले आणि ती परत आली. पुढे शिकागोला जाऊन पुरुषांच्या केशकर्तनालयात गिऱ्हाइकांच्या नखांची निगा राखण्याचं काम करू लागली. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला जाऊन आलेला तिचा भाऊ जॉन तिला चिडवायचा, की तिकडच्या बायका विमानं उडवतात, तुम्हाला ते कुठलं जमायला. तिने ते मनावर घेतलं.

अमेरिकेतल्या एकाही उड्डाणशाळेने तिला प्रवेश दिला नाही. बाई, आणि त्यातून काळी. 'शिकागो डिफेंडर' या वृत्तपत्राचे संस्थापक रॉबर्ट अ‍ॅबट यांनी तिला फ्रान्सला जाण्याचा सल्ला दिला. ती फ्रेंच शिकली, पैसे जमवले आणि नोव्हेंबर १९२० मध्ये बोटीत बसली. उत्तर फ्रान्समधल्या ल क्रोत्वा गावात कोद्रों बंधूंची उड्डाणशाळा होती. तिथे न्यूपोर जातीच्या दोन पंखी विमानावर ती शिकली. लाकूड, कापड आणि तारा यांचं ते विमान. त्याला ब्रेकसुद्धा नव्हते, शेपटीखालचा दांडा जमिनीवर घासत गेला की ते थांबायचं. एक विद्यार्थी अपघातात तिच्या डोळ्यांदेखत गेला. तरीही दहा महिन्यांचं शिक्षण तिने सात महिन्यांत पूर्ण केलं.

मग परीक्षा. ठरावीक उंची राखायची, हवेत इंग्रजी आठचा आकडा काढायचा, जमिनीला टेकण्यापूर्वी इंजिन बंद करायचं आणि आधी ठरवून दिलेल्या जागेपासून पन्नास मीटरच्या आत विमान उभं करायचं. १५ जून १९२१ रोजी तिला आंतरराष्ट्रीय विमान महासंघाचा परवाना मिळाला. तो मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

माझ्या खासगी वैमानिक परवान्याची परीक्षा झाली तेव्हा विमानाला ब्रेक होते, रेडिओ होता आणि शेजारी परीक्षक बसले होते. तीव्र वळणं झाली, स्टॉल झाला. मग त्यांनी काही न सांगता थ्रॉटल मागे ओढला आणि इंजिन बंद पडलंय असं समजून उतरायची जागा दाखवायला सांगितलं. वेग सांभाळायचा, वारा कुठून येतोय ते बघायचं आणि खालचं एक शेत निवडून त्यावरच नजर ठेवायची. उभी पऱ्हाटी टाळायची, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. जमीन जवळ आल्यावर परीक्षकांनी पुन्हा थ्रॉटल पुढे करायला सांगितला आणि आम्ही वर आलो. बेसीला जे करून दाखवावं लागलं, त्याचंच हे आजचं रूप. विमानाला चालवणाऱ्याची जात, रंग कळत नाही. परीक्षा सगळ्यांना सारखीच अवघड असते. परीक्षेपर्यंतची वाट मात्र सारखी नसते.

हे बेसीला पक्कं ठाऊक होतं. अमेरिकेत परतल्यावर ती हवाई कसरतींचे खेळ करू लागली. पहिला ३ सप्टेंबर १९२२ रोजी, न्यूयॉर्कजवळ. तिला पैसा हवा होता तो काळ्या मुलामुलींसाठी उड्डाणशाळा काढायला. फेब्रुवारी १९२३ मध्ये कॅलिफोर्नियात तिचं विमान पडलं आणि पाय मोडला. बरी झाल्यावर ती पुन्हा उडू लागली. वॅक्साहाचीत, तिच्याच गावात, खेळ ठरला तेव्हा आयोजकांनी गोऱ्यांना आणि काळ्यांना वेगवेगळी फाटकं ठेवली होती. एकच फाटक ठेवा, नाहीतर मी उडणार नाही, असं तिने कळवलं. फाटक एक झालं. आत बसायच्या जागा वेगळ्याच राहिल्या.

३० एप्रिल १९२६ रोजी फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल इथे, दुसऱ्या दिवशीच्या खेळात पॅराशूटने कुठे उतरायचं ते पाहायला ती वर गेली. विमान तिचा मेकॅनिक विल्यम विल्स चालवत होता. खाली वाकून पाहता यावं म्हणून तिने पट्टा बांधला नव्हता. एक पाना नियंत्रणाच्या यंत्रणेत अडकला, विमान उलटलं आणि ती बाहेर फेकली गेली. दोघंही गेले. ती चौतीस वर्षांची होती.

तिची शाळा तिच्या हयातीत झाली नाही. पुढे लॉस एंजेलिसमध्ये विल्यम पॉवेल यांनी तिच्या नावाने एअरो क्लब काढला आणि तिथे काळी मुलं उडायला शिकली. १९९२ मध्ये अंतराळात गेलेल्या मे जेमिसन यांनी तिचा फोटो सोबत नेला होता.

या स्मरणिकेच्या शेवटी आपल्या तुकडीची नावं, पत्ते छापले आहेत. ती यादी दहावीच्या निकालावरून केली आहे. पुढच्या मेळाव्याची यादी पाचवीच्या हजेरीपटावरून करावी, असं मी संपादक मंडळाला कळवलं आहे. वेचणीला गेलेले आणि मग परत न आलेले आपले वर्गमित्र, मैत्रिणी अजून याच तालुक्यात आहेत. त्यांना निमंत्रण पोचवायचं काम मी घेते. कुणाला कुणाचा ठावठिकाणा माहीत असेल, तर मला नक्की कळवा.