सुलतान जहाँ बेगम आणि भोपाळची गादी

भोपाळच्या नवाब सुलतान जहाँ बेगम (१८५८–१९३०) आपल्याला अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या चान्सलर म्हणून माहीत आहेत. पण त्यांची खरी कसोटी लागली ती वारसाच्या प्रश्नात. १९२४ मध्ये काही महिन्यांच्या अंतराने थोरले दोन्ही मुलगे वारले. आता गादी कुणाची? थोरल्याचा मुलगा हबीबुल्लाह, की धाकटे हमीदुल्लाह? इंग्रजी रिवाज थोरल्या शाखेच्या बाजूचा. बेगमसाहेबांचं म्हणणं, शरीअतप्रमाणे मुलगा हयात असताना नातवाला वारसा पोहोचत नाही. सत्तरीकडे झुकलेल्या बेगमसाहेबा थेट लंडनला गेल्या आणि म्हणणं मान्य करून घेतलं. नातू दुखावला असणारच. १९२६ मध्ये त्यांनी स्वतः गादी सोडली, हमीदुल्लाह नवाब झाले. त्यांना मात्र तिन्ही मुलीच! वारस म्हणून थोरली आबिदा सुलतान जाहीर झाली.