केरूनानांचा ताळा

पेणजवळच्या अंतोरे बंदरात आणि रोह्याच्या कुंडलिका खाडीत पूर्वी गलबते भरतीच्या पाण्यावर आत येत. भरती केव्हा येणार, याचा कोकणात एक साधा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. खाडीत आतपर्यंत पाणी चढायला जो जास्त वेळ लागतो, तो त्यात मिळवायचा. सातवी-आठवीची मुले ज्याला एकचल समीकरण म्हणतात, ते हेच. पण मुळात तिथी कशी काढतात? या प्रश्नावर आयुष्यातली अनेक वर्षे खर्च करणारे गणिती याच जिल्ह्यातले होते.

केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजेच केरूनाना, यांचा जन्म 1824 साली अलिबागजवळच्या नागावचा. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपले आणि शिक्षणासाठी ते मुंबईला आले. एल्फिन्स्टन संस्थेत प्रा. ऑर्लिबार यांच्या हाताखाली ते गणित आणि ज्योतिष शिकले. कोवळ्या वयातच कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरी लागली. तिथे सुमारे दहा वर्षे रोज नोंदी घेताना एक सवय अंगात मुरली: कागदावरचे उत्तर आकाशाशी ताडून पाहायचे.

सूर्य आणि चंद्र यांच्यातले अंतर 12 अंशांनी वाढले की एक तिथी संपते. अष्टमी 96 अंशांवर संपते. समजा, सकाळी हे अंतर 90 अंश आहे आणि ते तासाला सुमारे अर्धा अंश वाढते. क्ष तासांनी अष्टमी संपणार असेल, तर 90 + क्ष/2 = 96. म्हणून क्ष = 12. आता 96 मधून त्या त्या वेळचे अंतर वजा करत गेलो, तर बाकी ज्या क्षणी शून्य होते, तो क्षण म्हणजे या समीकरणाचे मूळ.

अडचण अशी की चंद्राचा वेग रोज सारखा नसतो. म्हणून 12 हे पहिले उत्तर फक्त अंदाज ठरते. त्या वेळी चंद्र खरोखर कुठे असेल ते काढायचे, उरलेल्या फरकाचे पुन्हा समीकरण मांडायचे, आणि फरक नाहीसा होईपर्यंत हेच करत राहायचे. जुन्या कोष्टकांत चंद्राच्या गतीतले काही फरक धरलेलेच नव्हते. त्यामुळे अष्टमीच्या आसपास तिथीची वेळ काही तासांनीसुद्धा चुके.

पुढे पुण्यात अध्यापन करताना केरूनानांनी नव्या युरोपीय गणिताच्या आधारे ग्रहसाधनाची कोष्टके मराठीत तयार केली. 1865 पासून आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने त्यांचे नवे पंचांग निघू लागले. ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. ते आकाशाशी जुळत होते, तरी बहुतेक लोकांनी जुनेच पंचांग चालू ठेवले. केरूनानांनी आकडे बदलले नाहीत. विद्यापीठाची पदवी नसलेल्या या प्राध्यापकाच्या वर्गात टिळकही शिकले, आणि पंचांग शुद्ध करण्याचा आग्रह टिळकांनी पुढेही धरला.

1884 साली केरूनाना वारले. आजही समीकरण सोडवून झाले की मुले वही मिटतात. मिळालेली किंमत मूळ समीकरणात घालून दोन्ही बाजू सारख्या येतात का, हे पाहणारी शेवटची ओळ राहून जाते. केरूनाना ती ओळ कधी गाळत नसत. त्यांचा ताळा आकाशात असे.