महात्माजींचा प्रातर्नियम

ब्राह्ममुहूर्ती उठावे, मुखमार्जन व स्नान आटोपून ईश्वरस्मरण करावे, हे सांगणारे वडीलधारे माणूस ज्या घरात नाही असे घर आपल्या देशात क्वचितच सापडेल. सूर्योदयापूर्वी चार घटका, म्हणजे सुमारे दीड तास, हा काळ सुरू होतो, हेही पुष्कळांस ठाऊक असते. अडचण ज्ञानाची नाही, ती टिकण्याची आहे. उत्साहाने धरलेला नियम महिना-दोन महिन्यांत सुटतो आणि मग मनुष्य प्रपंचाला, नोकरीला किंवा काळाला दोष देत बसतो. नियम का सुटतो आणि कशाने टिकतो, याचा विचार ज्यास करावयाचा असेल त्याने महात्मा गांधींचे चरित्र या दृष्टीने अवश्य पाहावे. त्यांचे राजकारण व त्यांचे सत्याग्रह सर्वांस माहीत आहेत. परंतु त्यांच्या पहाटेचा एक नियम कसा मोडला, दुसरा कसा बाजूस ठेवावा लागला आणि तिसरा अखेरच्या दिवसापर्यंत कसा टिकला, इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

गांधीजींचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी काठेवाडातील पोरबंदर येथे एका वैष्णव कुळात झाला. मातोश्री पुतळीबाई अत्यंत व्रतस्थ होत्या. नित्याची प्रार्थना झाल्यावाचून त्या अन्नास शिवत नसत. एका चातुर्मासात सूर्यदर्शन झाल्यावरच भोजन करण्याचे व्रत त्यांनी घेतले होते. दिवस पावसाळ्याचे, आकाश ढगांनी भरलेले. मुले बाहेर उभी राहून आकाशाकडे टक लावीत आणि सूर्य दिसताच आईला हाक मारीत. आई धावत बाहेर येई तोवर सूर्य पुन्हा ढगाआड गेलेला असे. आज आपण जेवावे अशी देवाची इच्छा दिसत नाही, एवढेच म्हणून ती माउली प्रसन्न मुखाने पुन्हा कामाला लागे. व्रत मोडले नाही आणि चेहऱ्यावरची प्रसन्नताही ढळली नाही, हे दृश्य त्या बालकाच्या मनावर कायमचे कोरले गेले.

तथापि आईचे व्रत पाहिल्याने मुलाचे व्रत आपोआप सिद्ध होत नाही. पोरबंदरास असतानाच एका रामभक्त चुलत बंधूने मोहनदास व त्यांचे मधले बंधू यांस रामरक्षा शिकविण्याची व्यवस्था केली. दोघांनी ती मुखोद्गत केली आणि रोज सकाळी स्नानानंतर म्हणण्याचा नियम धरला. हा त्यांच्या आयुष्यातील पहिला प्रातर्नियम होय. पोरबंदर सोडून कुटुंब राजकोटास गेले आणि तो नियम तेथेच विसरला गेला. पुढे आत्मचरित्र लिहिताना त्यांनी याचे कारण निःसंकोचपणे नमूद करून ठेविले आहे. त्या पाठावर त्यांची श्रद्धा फारशी नव्हती. आपल्याला शुद्ध उच्चारांनी रामरक्षा म्हणता येते, या अभिमानाचा भाग त्यात मोठा होता.

ज्यांचे बालपण पाठशाळेत गेले आहे त्यांनी या कबुलीपाशी क्षणभर थांबावे. शुद्ध उच्चार हे पठणाचे भूषण खरेच. पण तेच त्याचे अधिष्ठान झाले तर ऐकणारे बदलताच पठणाचा आधार जातो. अभिमानाला प्रेक्षक लागतो. पहाटेच्या अंधारात प्रेक्षक नसतो, म्हणून केवळ अभिमानावर उभारलेला नियम पहाटेस फार दिवस तग धरीत नाही.

शाळेत संस्कृतच्या बाबतीतही असाच प्रसंग आला. सहाव्या इयत्तेत विषय कठीण वाटू लागला. शिक्षक कडक होते आणि फारसीचा वर्ग सोपा असल्याचे कानांवर येत होते. मोहनदास एक दिवस त्या वर्गात जाऊन बसले. तेव्हा संस्कृतचे शिक्षक कृष्णशंकर पंड्या यांनी त्यांस बोलावून, वैष्णवाच्या मुलाने आपल्या धर्माची भाषा शिकू नये काय, अशा आशयाचे ममतेने समजाविले. शिष्य परत आला. जे थोडे संस्कृत त्या वेळी पदरी पडले त्याच्यामुळेच आपल्याला पुढे धर्मग्रंथांत रस घेता आला, हे ऋण गांधीजींनी जन्मभर मानले. त्या ऋणाची फेड कोठे झाली, हे पुढे येईलच.

१८८८ साली ते बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले. तेथे काही काळ सभ्य इंग्रज गृहस्थ दिसण्याची हौस त्यांना लागली. नेकटाय नीट बांधण्यात व केसांचा भांग बरोबर पाडण्यात मोठ्या आरशापुढे रोज दहा मिनिटे जाऊ लागली. पुढे त्यांनी ही दहा मिनिटे व्यर्थ गेल्याचे लिहिले आहे. हौस काही महिन्यांत ओसरली. राहणी साधी झाली. खोलीवर स्वहस्ते न्याहारी करणे आणि रोज कित्येक मैल पायी चालणे सुरू झाले. याच शहरात १८८९ च्या सुमारास थिऑसॉफिस्ट पंथाच्या दोन बंधूंनी त्यांस आपल्याबरोबर गीता वाचण्यास बोलाविले. एडविन अर्नोल्ड यांचा इंग्रजी पद्यानुवाद हाती होता. आपण गीता संस्कृतातही वाचली नाही आणि गुजरातीतही नाही, याची त्या तरुणास लाज वाटली. विषयांच्या चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध आणि अखेर बुद्धिनाश, ही दुसऱ्या अध्यायातील उतरंड त्याच्या अंतःकरणास भिडली ती कायमची.

यानंतर चौदा वर्षांनी, १९०३ साली, आफ्रिकेतील जोहान्सबर्ग येथे गीतेचा खरा अभ्यास सुरू झाला. गांधीजी या वेळी यशस्वी वकील होते आणि तेथील हिंदी लोकांच्या हक्कांचे सार्वजनिक काम त्यांच्या शिरावर होते. थिऑसॉफिस्ट मित्रांबरोबर गीतेचे वाचन होई. पण मूळ श्लोक कंठस्थ असावेत असे त्यांना वाटू लागले. वेळ तर कोठेच शिल्लक नव्हता. तेव्हा त्यांनी आपल्या दिवसाचा हिशेब पाहिला. सकाळी दात घासण्यास पंधरा मिनिटे आणि स्नानास वीस मिनिटे, अशी पस्तीस मिनिटे रोज जात. दात ते पाश्चात्त्य पद्धतीप्रमाणे उभ्याने घासत. समोरच्या भिंतीवर त्यांनी गीतेचे श्लोक लिहिलेल्या कागदाच्या चिठ्ठ्या डकविल्या. तोंड धुता धुता रोज एक-दोन नवे श्लोक पाठ करावयाचे आणि स्नानाच्या वेळी मागील श्लोकांची उजळणी करावयाची, असा क्रम ठेविला.

या रीतीने त्यांचे तेरा अध्याय पाठ झाले. पहिल्या तेरा अध्यायांची श्लोकसंख्या सव्वापाचशेच्या घरात जाते. रोज दोन श्लोकांनी हे काम सुमारे नऊ महिन्यांचे, एका श्लोकाने दीड वर्षाच्या जवळपास. नवी संथा घ्यावयाची आणि जुन्याची आवृत्ती करावयाची, ही तर आपल्या पाठशाळांची जुनीच रीत. नवल एवढेच की, या वकिलाने त्यासाठी दिवसाचे एक मिनिटही नव्याने मागितले नाही; जी मिनिटे प्रत्येकाच्या घरी रोज जातातच, त्यांनाच त्याने कामास लाविले. लंडनच्या आरशापुढची दहा मिनिटे आणि जोहान्सबर्गच्या भिंतीपुढची पंधरा मिनिटे, दोन्ही सकाळचीच. एकीकडे मनुष्य स्वतःचे मुख पाहत होता, दुसरीकडे स्वतःचे मन.

परंतु श्लोक पाठ झाले म्हणजे गीता झाली, असे गांधीजींनी मानले नाही. येथेच त्यांच्या पहाटेची खरी परीक्षा सुरू झाली. अपरिग्रह आणि समभाव या दोन शब्दांनी त्यांस घेरले. परिग्रह या शब्दात परि हा उपसर्ग आहे. सर्व बाजूंनी गोळा करून धरणे असा त्याचा भाव. ते न करणे म्हणजे अपरिग्रह. मग बायकोमुले, घर, ग्रंथांनी भरलेली कपाटे, हा सारा परिग्रहच नव्हे काय? अपमान करणारे उद्धट अधिकारी, कालपर्यंत सोबत असून आज विनाकारण विरोध करणारे सहकारी आणि सदैव उपकार करणारे सज्जन, या सर्वांविषयी सारखाच भाव कसा ठेवावा? कोशात अर्थ पाहावा तसे गीतेत आपल्या अडचणींचे उत्तर ते पाहू लागले.

उत्तराची किंमत लवकरच द्यावी लागली. मुंबईस असताना त्यांनी दहा हजार रुपयांचा आयुष्याचा विमा उतरविला होता. ज्या ईश्वराने कुटुंब दिले तोच त्याचा सांभाळ करील, असा निश्चय करून त्यांनी मुंबईस पत्र लिहिले आणि तो विमा सोडून दिला. त्याहून कठीण गोष्ट पुढे होती. वडील बंधू लक्ष्मीदास यांनी त्यांस पित्याच्या मायेने वाढविले होते व विलायतेस पाठविले होते. आतापर्यंतची सारी बचत गांधीजी त्यांच्याकडे पाठवीत. यापुढे शिल्लक राहील ती समाजकार्यास जाईल, आपल्याकडून आता अपेक्षा ठेवू नये, असे त्यांनी बंधूंस कळविले. बंधू दुखावले. पत्रव्यवहार जवळजवळ बंद पडला. हे दुःख गांधीजींनी अनेक वर्षे सोसले. आयुष्याच्या अखेरीस बंधूंचे मन निवळले आणि आपले पुत्र त्यांनी याच भावाच्या स्वाधीन केले. भिंतीवरचा एक शब्द घरात केवढा कल्लोळ करू शकतो, हे यावरून कळून येते. पाठांतर स्वस्त असते. अर्थ महाग असतो.

पुढे, विशेषतः १९०६ नंतर, सत्याग्रहाचा व्याप वाढला, विचाराचा सारा वेळ त्यात जाऊ लागला आणि तेराव्या अध्यायाशी पाठांतर थांबले. वरवर पाहता रामरक्षेचा नियम सुटला तसाच हाही सुटला. पण दोहोंत अंतर आहे. पहिला सुटला तेव्हा मागे काही उरले नाही. दुसरा सुटला तेव्हा श्लोक कंठातून आचरणात उतरले होते. केवळ त्यांचे पहाटेचे रूप गेले होते.

ते रूपही मोठ्या स्वरूपात परत आले. १९१५ साली त्यांनी अहमदाबादजवळ कोचरब येथे सत्याग्रहाश्रम स्थापिला. १९१७ साली प्लेगच्या प्रादुर्भावामुळे तो साबरमतीच्या तीरावर नेला. प्रातःप्रार्थनेच्या वेळेविषयी बरेच प्रयोग होऊन अखेर पहाटे चार वाजून वीस मिनिटे ही वेळ कायम झाली. सकाळच्या प्रार्थनेत गीतेचे पारायण चाले. अठरा अध्याय प्रथम चौदा दिवसांत आणि पुढे सात दिवसांत पुरे होत. स्थितप्रज्ञाची लक्षणे सांगणारे दुसऱ्या अध्यायातील १९ श्लोक सायंप्रार्थनेसाठी ठेविले होते. १९२६ साली फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत गांधीजींनी प्रातःप्रार्थनेनंतर आश्रमवासीयांपुढे गीतेवर प्रवचने केली. त्यांचे गीतेचे गुजराती भाषांतर, अनासक्तियोग, प्रसिद्ध झाले तो दिवस १२ मार्च १९३० चा. त्याच सकाळी ते प्रार्थना करून दांडीच्या वाटेस लागले.

त्याच वर्षी ते पुण्याजवळच्या येरवडा तुरुंगात बंदिवान होते. तुरुंगात नियम मोडण्यास सबब शोधावी लागत नाही. गांधीजींनी उलट केले. दर मंगळवारी पहाटेच्या प्रार्थनेनंतर ते आश्रमवासीयांसाठी एकेका व्रतावर पत्र लिहीत. ती पत्रे पुढे मंगलप्रभात या नावाने ग्रंथरूपास आली. त्यांत एक पत्र अपरिग्रहावर आहे. सत्तावीस वर्षांपूर्वी ज्या शब्दाने जोहान्सबर्ग येथे झोप उडविली, त्याच शब्दाचा अर्थ आता येरवड्याच्या पहाटे ते इतरांस उलगडून सांगत होते. पुढच्या वर्षी गोलमेज परिषदेसाठी ते पुन्हा लंडनला गेले, तेव्हा पूर्वभागातील गरिबांच्या वस्तीत किंग्जली हॉल येथे उतरले. तेथेही पहाटेची प्रार्थना चुकली नाही. अंधारातच ते त्या गल्ल्यांतून फिरावयास निघत.

दुसरा शब्द होता समभाव. त्याची किंमत शेवटी द्यावयाची होती. १९४७ साली दिल्लीत द्वेषाचा वणवा पेटला असता ते सर्व धर्मांच्या लोकांसाठी सारखेच झटले. जानेवारी १९४८ च्या १३ तारखेपासून १८ तारखेपर्यंत त्यांनी उपोषण केले. २० तारखेस प्रार्थनास्थानी बॉम्बचा स्फोट झाला, तरी प्रार्थना बंद झाली नाही. ३० जानेवारीस ते नित्याप्रमाणे रात्र संपण्यापूर्वी उठले, प्रार्थना केली आणि काँग्रेसच्या नव्या घटनेच्या मसुद्यावर काम केले. सायंकाळी सरदार पटेलांशी बोलणे लांबले आणि वेळेचा काटेकोर असा तो पुरुष काही मिनिटे उशिराने प्रार्थनेस निघाला. त्या वाटेवरच त्यांचा देह पडला.

या चरित्रातून घरगृहस्थीत राहणाऱ्या वाचकाने काय घ्यावे? चार वीसलाच उठावे असे नव्हे. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी झोप आणि जागरण दोन्ही प्रमाणातच सांगितली आहेत. नियम लहान असावा, रोज घडणाऱ्याच एखाद्या कामास जोडलेला असावा. दात घासताना एक श्लोक, स्नानाच्या वेळी कालच्याची आवृत्ती, एवढे पुरे. नवा वेळ शोधू गेल्यास तो मिळत नाही. नियम कोणास दाखविण्यासाठी धरू नये. एखाद दिवशी चुकला तर खिन्न न होता दुसऱ्या दिवशी पुन्हा धरावा. आणि मुख्य म्हणजे सकाळी म्हटलेल्या श्लोकातील एखादा तरी शब्द दिवसभर बरोबर न्यावा. दुकानात माप भरताना, कचेरीत सहीसाठी कागद पुढे येईल तेव्हा, घरात भावाभावांचा बोल बोलास लागेल तेव्हा, तो शब्द काय मागतो ते पाहावे. मागेल ते देण्याची तयारी नसेल, तर पहाटे उठून म्हटलेले सातशे श्लोकही कंठाचा व्यायाम ठरतील. ती तयारी असेल, तर एक श्लोकही उभा दिवस उजळण्यास पुरेसा आहे.